मधला दांडा

मोटारगाडीविषयीं बोलणें निघालें म्हणजे लोक इंजिनाविषयीं बोलतात. फार झालें तर रंगाविषयीं आणि एका लिटरांत ती किती धांवते याविषयीं. इंजिनांत उत्पन्न झालेली शक्ति चाकांपर्यंत पोंचते कशी, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. पंगतींतल्या वाढप्याची आठवण जशी तो वेळेवर न आल्यावरच होते, तसेंच या बाबतींतही आहे. आणि आतां तर हा प्रश्न पडण्याचें कारणही फारसें उरलेलें नाहीं. आज आपल्या घरांपुढें ज्या लहान मोटारी उभ्या असतात, त्यांतील बहुतेकांचें इंजिनही पुढें आणि गाडी ओढणारीं चाकेंही पुढचींच. गाडीच्या पोटाखालून मागें जाणारा फिरता दांडा त्यांत मुळीं नसतोच. या दांड्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. गॅरेजांतील मंडळी नुसतें ‘शाफ्ट’ म्हणून भागवितात. जीपसारख्या चारही चाकांनीं चढणाऱ्या गाडीला असे दोन शाफ्ट असतात, एक पुढच्या आंसाकडे जाणारा व दुसरा मागच्या.

जुन्या जीपमध्यें दुसरें इंजिन बसविण्याचा उद्योग आपल्याकडे पुष्कळांनीं केलेला आहे व अजूनही हौशी लोक तो करतात. त्यांच्या गोष्टी ऐकल्या तर तीन चतुर्थांश गोष्ट इंजिन कोठून आणलें, केवढ्यास आणलें आणि तें आंत कसें मावलें याचीच असते. परंतु इंजिन बाजारांत मिळतें, गिअरपेटीही मिळते. मिळत नाहीं तो शाफ्ट. तो त्या एका गाडीच्या, त्या एका मापाचाच करून घ्यावा लागतो आणि तोही सर्वांत शेवटीं, म्हणजे पैसा, उत्साह व धीर हीं तिन्ही संपत आलेलीं असतात अशा वेळीं. माझ्या मतें या सबंध उद्योगांतील खरी परीक्षा हीच होय. आमच्या घरीं १९९४ सालीं ती झाली आणि मीं ती अगदीं जवळून पाहिली.

जीप ही मूळची अमेरिकेंतील विलीस कंपनीची. १९४१ सालापासून ती महायुद्धांत धांवूं लागली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच मुंबईस महिंद्र कंपनी तिचे भाग जोडून गाड्या तयार करूं लागली. आमची गाडी थ्री-बी नांवाच्या उंच नाकाच्या जातीची होती. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर अवघें ८० इंच, इंजिन १३४ घन इंचांचें पेट्रोलचें. वडिलांनीं ती जुनीच विकत घेतली होती, आणि त्यांच्या पश्चात् दादांनीं ती चालविली. करूळ घाटाच्या पायथ्याशीं, वैभववाडी तालुक्यांत, आमची कलमांची व काजूची बाग आहे, घरही तेथेंच. सडकेपासून घरापर्यंतची वाट तांबड्या मातीची असून मध्यें एक वहाळ लागतो. पावसाळ्यांत त्या वाटेनें बैलगाडी आणि जीप याखेरीज कांहीं जात नसे. घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें. कोणास सर्पदंश झाला, कोणाचा ताप हटेना, कीं जीप काढावयाची व कणकवली गांठावयाची, असा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता.

त्या सालच्या चैत्रांत जुनें इंजिन धूर ओकूं लागलें. पेट्रोलचा खर्चही परवडत नव्हता. डिझेल त्या मानानें पुष्कळच स्वस्त होतें. तेव्हां फ्रेंच प्यूजो बनावटीचें २,११२ घन सेंटिमीटरचें डिझेल इंजिन व त्याबरोबरची चार गतींची गिअरपेटी बसवावी असें दादांनीं ठरविलें. हें इंजिन १९८० च्या दशकांत महिंद्रच्याच जीपगाड्यांत बसूं लागलें होतें, त्यामुळें त्याची माहिती सर्वांस होती. परिवहन कार्यालयाकडून नोंदणीपुस्तकांत अदलाबदल लिहून घेतली. (आज असा बेत करणाऱ्यानें आधीं कायद्याची चौकशी करावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मुळांतच कडक आहे आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ आणखी कडक केला आहे.) घाई होती तिचें कारण वेगळेंच होतें. वहिनींना दिवस गेलेले होते आणि श्रावणांत दिवस भरावयाचे होते. पहिलें बाळंतपण माहेरीं झालें होतें; दुसरें सासरीं व्हावयाचें, हा आमच्याकडील रिवाज. मृगापूर्वीं गाडी दारांत उभी पाहिजे, असें आईनें सर्वांस निक्षून सांगितलें होतें.

इंजिन जवळच्याच एका गांवांतील गॅरेजांत बसलें, आणि बरें बसलें. परंतु नवी गिअरपेटी जुनीपेक्षां लांब. तिच्या पाठीशीं असलेली, चार चाकांस शक्ति वांटणारी पेटी आम्हीं जुनीच ठेवली होती. ती या लांबीमुळें साडेतीन इंच मागें सरकली. म्हणजे मागचा शाफ्ट साडेतीन इंच आंखूड व पुढचा तेवढाच लांब करणें प्राप्त झालें.

येथें पैशाचा प्रश्न उपस्थित झाला. घरची तिजोरी काकांच्या हातीं असे. इंजिनाची रक्कम त्यांनीं कुरकुर न करतां मोजली होती, परंतु शाफ्टासाठीं निराळे पैसे मागतांच ते म्हणाले, “अरे, नळीचा एक तुकडा कापावयाचा आणि दुसरा डकवावयाचा. त्याला काय सोनाराकडे जावयाचें आहे?” त्यांचें म्हणणें वरवर पाहतां चुकीचें नव्हतें. शाफ्ट म्हणजे दोन टोंकांस सांधे असलेली पोकळ पोलादी नळीच. गॅरेजवाल्यानेंही हंसून मान डोलविली, जुना शाफ्ट करवतीनें मधोमध कापला, साडेतीन इंच काढून टाकले आणि आंतून पाण्याच्या नळाचा एक तुकडा सरकवून वर वेल्डिंगचा जाड थर दिला. दुपारीं दिलेला शाफ्ट दिवेलागणीला गाडीखालीं लागला देखील.

गाडी घरीं आली ती कण्हत आली. ताशीं तीस किलोमीटरपर्यंत कांहीं नाहीं. पस्तिसाला पायाखालच्या पत्र्यांतून गुणगुण येई, चाळिसाला मागच्या बांकावरील माणसाच्या दातांत झिणझिण्या येत. आठ दिवसांत वांटणाऱ्या पेटीच्या मागच्या तोंडांतून तेल ठिबकूं लागलें. शाफ्टाच्या एका सांध्याच्या टोपींतून तांबडी पूड बाहेर पडलेली दादांनीं मला दाखविली. वंगण निघून जाऊन आंतील सुया कोरड्या घांसूं लागल्या म्हणजे लोखंडाचा गंज असा कुंकवासारखा बाहेर येतो.

असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं सांध्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. अधिक चिन्हाच्या आकाराचा एक पोलादी तुकडा असतो. त्याला क्रॉस म्हणतात. त्याचीं समोरासमोरचीं दोन टोंकें एका बाजूच्या बेचक्यांत बसतात आणि उरलेलीं दोन दुसऱ्या बाजूच्या बेचक्यांत. या बेचक्याला योक असें नांव आहे. चारही टोंकांवर टोप्या, आणि टोप्यांत सुयांसारखीं बारीक बेअरिंगें. अशा सांध्यामुळें दोन दांडे सरळ रेषेंत नसले तरी एकाबरोबर दुसरा फिरतो. सांध्याचें कुळ जुनें आहे. युरोपांत सोळाव्या शतकांतील इटालियन गणिती जेरोलामो कार्दानो याचें नांव त्याला चिकटलें आहे. इंग्रज लोक सतराव्या शतकांतील आपल्या रॉबर्ट हूकचें नांव देतात. मोटारीला तो लावण्याजोगा करून दिला तो मात्र अमेरिकेंतील क्लॅरेन्स स्पायसर यानें. त्या काळीं पुष्कळ मोटारींना सायकलीसारखी सांखळी असे. तिचा गोंगाट व तिच्यांत जाणारी धूळ यांना कंटाळून त्यानें झांकलेल्या सांध्याचा शाफ्ट योजला, १९०३ मध्यें पेटंट मिळविलें व १९०४ पासून कारखाना काढला. आमच्या जीपच्या पोटांतील वांटणारी पेटीही स्पायसरच्याच नांवाची होती.

आतां या सांध्याला एक खोड आहे. त्याच्या अलीकडचा दांडा अगदीं एकसारख्या गतीनें फिरत असला, तरी पलीकडचा तसा फिरत नाहीं. प्रत्येक फेऱ्यांत तो दोनदां पुढें धांवतो आणि दोनदां मागें रेंगाळतो. सांध्यांत जितका कोन अधिक तितकी ही धांवपळ अधिक. दहा अंशांच्या कोनांत ती दोन्हीकडे दीड टक्का भरते. वीस अंशांत सहा टक्क्यांवर जाते. म्हणून शाफ्टाच्या दुसऱ्या टोंकास दुसरा सांधा देतात. पहिल्यानें केलेली गडबड दुसरा बरोबर उलट करून निस्तरतो व मागच्या आंसाला गति पुन्हां एकसारखी मिळते. जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या म्हणजे एकीनें ढकलावें तेव्हां दुसरीनें ओढावें लागतें. तसें झालें तरच पाळूं सारखी फिरते. दोघींचा ताल चुकला तर जातें हिसके खातें आणि पीठ भरड पडतें. शाफ्टाचें अगदीं तसेंच आहे. दोन्ही टोंकांचे योक एकाच पातळींत असले पाहिजेत, आणि दोन्ही सांध्यांतील कोन समान असले पाहिजेत. यांपैकीं एक जरी अट मोडली तरी सांध्यांचें भांडण मिटण्याऐवजीं वाढतें.

आमच्या शाफ्टाच्या दोन्ही अटी मोडलेल्या होत्या. डोळ्यांच्या अंदाजानें जोडतांना योक एकमेकांशीं फिरलेले होते, आणि कोनांचा विचार तर कोणीं केलाच नव्हता. शिवाय जाडजूड वेल्डिंगनें नळीला बाक आला होता. मागच्या आंसांत शाफ्टाच्या ५.३८ फेऱ्यांस चाकाची एक फेरी होते. गाडी ताशीं साठ किलोमीटरनें चालली म्हणजे शाफ्ट मिनिटाला सुमारें २,३५० फेऱ्या घेतो. सेकंदाला जवळजवळ चाळीस. प्रत्येक फेरींत दोन हिसके धरले तर सेकंदाला ऐंशी हिसके त्या पेटीच्या पाठींत बसणार. तेल ठिबकलें यांत नवल तें काय?

काकांचा राग अनावर झाला, पण तो गॅरेजवाल्यावर कमी आणि दादांवर अधिक. दादा बोलले नाहींत. त्यांनीं गाडी सावकाश, कोठेंही तिशीच्या वर न नेतां, घाट चढवून कोल्हापुरास आणली. मी तेव्हां सुटीवर आलेलों असल्यामुळें बरोबर गेलों. कोल्हापुरांतील शिवाजी उद्यमनगर हें लेथांचें व ओतकामाचें माहेरघर आहे. एका गल्लींत उभें राहिलें तर दोन्ही बाजूंनीं लोखंड कातरल्याचा आवाज येतो. तेथें एका वयोवृद्ध टर्नरचें नांव आम्हांला कोणीं तरी सांगितलें होतें. ट्रकांचे शाफ्ट करण्यांत त्याचा जन्म गेला होता.

दादांनीं गाडी त्याच्या दारांत नेली, आणि माप घेणें सोयीचें व्हावें म्हणून मागची बाजू जॅकनें उचलूं लागले. म्हातारा आंतून ओरडलाच, “मालक, जॅक काढा आधीं. गाडी तिच्या पायांवर उभी ऱ्हाऊं द्या. टांगलेल्या गाडीचं माप मी घेत न्हाई.”

त्याच्या या एका वाक्यांत सगळें शास्त्र आलें, असें मला तेव्हांपासून वाटत आलें आहे. गाडी टांगली म्हणजे मागचा आंस खालीं लोंबतो, पाट्यांची कमान वाढते, आणि पेटीपासून आंसापर्यंतचें अंतर व कोन दोन्ही बदलतात. अशा वेळीं घेतलेलें माप टांगलेल्या गाडीला बरोबर असतें. चालणाऱ्या गाडीला नसतें. त्यानें एवढ्यावर भागविलें नाहीं. “घरांत किती माणसं बसत्यात?” असें विचारून त्यानें शेजारच्या दुकानांतून पोतीं मागविलीं आणि मागच्या बांकांवर पांच माणसांच्या वजनाचीं ठेवविलीं. पुढें दादांना व मला बसविलें. गाडी थोडी हलवून पाटे जाग्यावर बसूं दिले. मग तो खालीं शिरला.

मापें घेण्यांत त्याची सगळी सकाळ गेली. क्रॉसच्या मध्यापासून क्रॉसच्या मध्यापर्यंतचें अंतर त्यानें तीनदां मोजलें, आणि तिन्ही वेळां एका सुताच्या आंत आल्यावरच खडूनें भिंतीवर लिहिलें. वाचकांपैकीं ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों कीं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. उद्यमनगरांत अजूनही तें चलन चालतें. मग ओळंबा सोडून त्यानें जमिनीवर खुणा केल्या व पाणसळ आणि कोनमापक लावून कोन पाहिले. पेटीपासून आंसाच्या नाकापर्यंत आडवें अंतर पूर्वीं वीस इंच होतें, तें आतां साडेसोळा उरलें होतें. उतार मात्र पांच इंचांचा तोच. त्यामुळें पूर्वीं चौदा अंशांनीं उतरणारा शाफ्ट आतां सतरा अंशांनीं उतरणार होता. शिडी आंखूड झाली कीं चढ उभा होतो, त्यांतलाच हा प्रकार. पेटीचें शेंपूट मागें चार अंश खालीं कललेलें, म्हणजे वरच्या सांध्यांत तेरा अंशांचा कोन. आंसाचें नाक मात्र दीडच अंश वर उचललेलें, म्हणजे खालच्या सांध्यांत साडेपंधरा. हा अडीच अंशांचा फरकच आमच्या दातांत झिणझिण्या आणीत होता. निदान त्यांतला अर्धा वांटा त्याचा होता.

फरक काढण्याचा उपाय सोपा आहे, पण तो सुचावा लागतो. पाटा आणि आंस यांच्यामध्यें पोलादाची पाचर घालावयाची, म्हणजे आंसाचें नाक तेवढें वर उचललें जातें. मला वाटलें आतां अडीच अंशांची पाचर होणार. त्यानें दोनच अंशांची केली. कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, “चढाला लागल्यावर पाटे पीळ खात्यात आन् नाक आपसूक वर येतं. अर्धा अंश त्याच्यासाठीं सोडलाय.” दोन्ही कोन समान हवेत ते गाडी उभी असतां नव्हे, तर ओझें ओढीत असतां, हा त्याचा हिशेब होता. पुस्तकांत हा विचार मीं मागाहून वाचला. त्यानें तो कोठें वाचला असेल असें वाटत नाहीं.

दुसरा प्रश्न लांबीचा. गाडी खड्ड्यांतून गेली म्हणजे आंस वर खालीं होतो व पेटीपासूनचें अंतर क्षणोक्षणीं बदलतें. त्यासाठीं शाफ्टांत सरकता जोड असतो: खांचे पाडलेला दांडा खांचे पाडलेल्या नळींत, काड्यापेटीचें खोकें आपल्या वेष्टणांत सरकावें तसा, आंतबाहेर सरकतो. शाफ्ट लांब झाला तर मोठ्या खड्ड्यांत हा जोड तळाशीं टेकून पेटीच्या बेअरिंगवर घणासारखा आदळतो. आंखूड झाला तर एखाद्या नाल्यांत चाक लोंबलें कीं दोन तुकडे निरनिराळे होतात. गाडी भरून उभी असतां जोड तळापासून एक इंच मोकळा राहील अशी लांबी म्हाताऱ्यानें धरली, आणि मागाहून आंस जॅकवर खालीं सोडून जोड किती बाहेर येतो तेंही पाहिलें. जेथें टांगलेल्या गाडीचें काम होतें तेथें त्यानें ती टांगली.

नळी त्यानें जुनी वापरली नाहीं. बिनसांध्याची जाड भिंतीची नवी घेतली. पहिल्या गिअरांत आणि वांटणाऱ्या पेटीच्या लो गिअरांत शाफ्टावर इंजिनाचा पीळ किती पटींनीं येतो याची कल्पना घरीं कोणास नव्हती. आमच्या जुन्या पेटीच्या हिशेबानेंच पाहावयाचें तर २.८ गुणिले २.४६, म्हणजे जवळजवळ सातपट. नव्या पेटींत त्याहून कमी असण्याचा संभव नव्हताच. एवढा पीळ पाण्याच्या नळाच्या तुकड्यावर सोंपविला होता!

वेल्डिंगपूर्वीं त्यानें क्रॉस काढून बाजूस ठेवले, कारण उष्णतेनें आंतील वंगण जळतें. दोन्ही योक सपाट लाद्यावर ठेवून एका पातळींत आणले आणि नळींत ठोकले. मग एकदम कडें न ओढतां समोरासमोर चार ठिपके दिले. एक वर, एक खालीं, एक उजवीकडे, एक डावीकडे. लोखंड थंड होतांना जिकडे ठिपका अधिक तिकडे ओढलें जातें. त्यानंतर शाफ्ट लेथवर चढवून डायलचा कांटा त्याला टेकविला व हातानें हळूहळू फिरविला. कांटा जेथें पुढें गेला तेथें खडूची खूण केली, आणि तीच बाजू तापवून बाक काढला. असें पांच-सहा वेळां झालें. शेवटीं कांटा जवळजवळ हलेनासा झाला, तेव्हां कुठें पुरतें कडें ओढलें, आणि पुन्हां सगळी तपासणी पहिल्यापासून. आतां मोठ्या शहरांत शाफ्ट फिरवून त्याचा तोल साधण्याचीं यंत्रें आहेत. कोठें किती वजन चिकटवावें तें यंत्रच सांगतें. सोय असेल त्यानें ती अवश्य वापरावी. परंतु आधीं सरळ नसलेल्या नळीला वजनें चिकटवून सरळपणा येत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

या कामास तीन दिवस लागणार असल्यामुळें मीं मध्यंतरीं एस्. टी. नें घरीं फेरी केली. काकांना खर्चाचा अंदाज सांगावयाचा होता. इंजिनाच्या किंमतीच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास तो जात होता. त्यांनीं तोंड वांकडें केलें. आई गप्प होती. वहिनी परसदारीं कोकमें वाळत घालीत होत्या, त्यांनीं मला बाजूला बोलावून विचारलें, “भाऊजी, हा दांडा वाटेंत तुटला तर गाडी नुसती थांबते, कीं आणखी कांहीं होतें?”

इतके दिवस घरांतील पुरुषमंडळी खर्च, आवाज आणि तेल यांवर वाद घालीत होती. हा प्रश्न एकाच्याही तोंडून आला नव्हता. उत्तर मला ठाऊक होतें व तें मीं लपविलें नाहीं. मागचा सांधा तुटला तर दांडा जमिनीवर घांसत फरफटतो. आवाज फार होतो, पण गाडी बहुधा थांबवितां येते. पुढचा सांधा तुटला तर सुटलेलें टोंक चालत्या गाडीपुढें जमिनींत रुततें आणि मागची बाजू उचलली जाते. आणि तुटलेला दांडा गरगर फिरत राहिला तर पायाखालचा पत्राही फोडतो. वहिनींनीं ऐकून घेतलें. “मग तो खालीं पडूंच नये असें कांहीं करतां येत नाहीं का? विहिरीच्या रहाटाला नाहीं का आपण आडवी पट्टी घालीत?” असें त्या म्हणाल्या आणि पुन्हां कोकमांकडे वळल्या.

मीं परत जाऊन तो प्रश्न जसाच्या तसा म्हाताऱ्यापुढें ठेवला. तो क्षणभर थांबला. ट्रकांना कोठें कोठें असा गळपट्टा असतो हें त्याला माहीत होतें. जीपला आजवर कोणी मागितला नव्हता. त्यानें दोन इंच रुंदीची पोलादी पट्टी वांकवून शाफ्टाच्या पुढच्या टोंकाजवळ, गाडीच्या दोन्ही लोखंडी तुळयांना बोल्टांनीं बांधलेलें एक कडें केलें. शाफ्ट त्यांतून मोकळा फिरे. तुटलाच तर कड्यांत अडकून राहील, जमिनीला पोंचणार नाहीं. खड्ड्यांत शाफ्ट वरखालीं हलतांना कड्याला लागूं नये म्हणून चोहोंकडून किती जागा ठेवावी, हेंही त्यानें मोजूनच ठरविलें. या कड्याचे त्यानें पैसे लावले नाहींत. “बाईंनीं सांगितलंय, त्येचं पैसं नगं,” इतकेंच म्हणाला.

पुढचा शाफ्ट त्या मानानें सोपा होता. तो साडेतीन इंच लांब व्हावयाचा असल्यामुळें त्याचा उतार उलट सौम्य झाला. नवी नळी, तेंच माप, तीच तपासणी. त्याविषयीं अधिक लिहिण्यासारखें कांहीं नाहीं.

परतीच्या वाटेवर गगनबावड्यापर्यंत दादांनीं गाडी पन्नासानें, मग साठानें चालवून पाहिली. गुणगुण पार गेली असें म्हणतां येणार नाहीं. तेरा अंशांचा कोन हा काहीं थोडा कोन नव्हे; सपाट रस्त्यावरच्या मोटारीला तीन अंशांच्या आंत ठेवतात, आणि आंखूड जीपच्या नशिबीं तें सुख नाहीं. परंतु बांकावर ठेवलेल्या तांब्यांतील पाणी शांत होतें, आणि घाट उतरून गेल्यावर पेटीचें तोंड कोरडें होतें. घरीं आल्यावर काकांनीं बिल हातांत घेतलें, चष्मा लावून प्रत्येक रकमेखालीं बोट फिरविलें, आणि खतावणींत लिहावयास बसले. मीं मागून पाहिलें. मोटार असें खातें उघडलेलें असतांही त्यांनीं तो खर्च ‘बाळंतपण’ या खात्यावर टाकला होता.

श्रावणांतील त्या रात्रीं पाऊस थांबला नव्हता. वहाळाला कमरेइतकें पाणी नव्हतें, पण चाकाच्या तुंब्यापर्यंत खास होतें. दादांनीं पुढचीं चाकें जोडलीं, लो गिअर घातला आणि गाडी पाण्यांत उतरविली. आई व वहिनी मागें, मी कंदील घेऊन पुढें. मध्यावर एका बाजूचें मागचें चाक गोट्यांत खोल गेलें, गाडी तिरकी झाली, आणि पोटाखालून पोलादाचा एक जड, ताणलेला हुंकार आला. मग ती चढून वर आली. पुढें सडकेला लागल्यावर कोणी फारसें बोललें नाहीं. पहांटेपूर्वीं कणकवलीस पोंचलों आणि सूर्योदयाच्या सुमारास मला दुसरी पुतणी झाली.

आंतून निरोप आला तेव्हां दादा जाग्यावर नव्हते. शोधावयास गेलों तों दवाखान्याच्या आवारांत, ओल्या मातींत पाठ टेकून, ते गाडीखालीं पडलेले दिसले. पाण्यांतून गेल्यावर सांध्यांतील वंगण वाहून जातें कीं काय, ही त्यांना धास्ती होती. त्यांनीं एक हात पुढच्या क्रॉसवर व दुसरा मागच्या क्रॉसवर ठेवला होता. दोन्ही सारखेच कोंबट लागतात, असें म्हणून ते बाहेर आले, आणि नळावर हात धुऊन मुलीला पाहावयास आंत गेले.